साठवण केव्हा वाढवावी? : घरगुती संगणकाच्या पहिल्या दशकातील एक व्यवहारपाठ



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते या शाळेत गणित शिकवीत. नफातोटा आणि सरळव्याज ही प्रकरणे शिकविताना उत्तर बरोबर आले तरी ते समाधानी नसत; 'आता या माणसाने काय करावे?' हा प्रश्न ते पुढे टाकीत. आजचा विषय त्याच जातीचा आहे. घरगुती संगणक नुकता जन्मास आला होता, त्याची साठवण तुटपुंजी होती आणि ती वाढविण्याची साधने दर वर्षी स्वस्त होत होती. अशा वेळी ती केव्हा विकत घ्यावीत? विषय ऐकून काहींना वाटेल की ही जुन्या यंत्रांची कथा आज कशाला? परंतु 'आज घ्यावे की थांबावे' हा प्रश्न जुना झालेला नाही. त्याचे सर्व पैलू १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत जितके स्वच्छ दिसतात तितके अन्यत्र क्वचितच दिसतात.

प्रथम साठवण म्हणजे काय ते पाहू. संगणकाला दोन प्रकारची साठवण लागते. एक, काम चालू असताना लागणारी स्मृती. वीज गेली की तीही पुसली जाते. दुसरी, काम संपल्यावर ते जपून ठेवणारी. टेप, फ्लॉपी, हार्ड डिस्क ही तिची रूपे. आपल्या घरातला स्वयंपाकाचा ओटा आणि कोठीची खोली यांत जो भेद आहे, तोच हा. ओटा लहान असला तर एका वेळी थोडेच रांधता येते. कोठी दूर असली तर जिन्नस आणण्यातच वेळ जातो. बडोदेकरांना याहून जवळचा दाखला देता येईल. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास पाचारण केले आणि संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. ज्या गावात ग्रंथालय नव्हते तेथे फिरत्या ग्रंथपेट्या जात. पेटीत पुस्तके मोजकी मावत. वाचून झाली की पेटी बदलावयाची. आरंभीच्या संगणकाची स्थिती त्या पेटीसारखी होती. प्रश्न असा की, मोठी पेटी आणावी, की बदलण्याचा वेग वाढवावा, आणि यांपैकी काहीही करावयाचे ते केव्हा?

आता आकड्यांकडे वळू. १९७७ साली ॲपल २ हा संगणक बाजारात आला. चार किलोबाइट स्मृतीसह त्याची किंमत १,२९८ डॉलर होती आणि अठ्ठेचाळीस किलोबाइटसह २,६३८ डॉलर. म्हणजे वाढीव चव्वेचाळीस किलोबाइटसाठी १,३४० डॉलर, किलोबाइटमागे सुमारे तीस डॉलर पडत. जानेवारी १९८३ मध्ये त्याच घराण्यातला ॲपल २ ई आला तो १,३९५ डॉलरला, आणि त्यात चौसष्ट किलोबाइट मूळचेच होते. सहा वर्षे थांबणाऱ्यास ९७ डॉलर अधिक टाकून सोळापट स्मृती मिळाली. कागदावरचे गणित पाहिले तर थांबणाऱ्याचा विजय निर्विवाद आहे.

पण याच युक्तिवादाने १९८३ सालीही थांबावे लागेल, कारण १९८९ मध्ये आणखी स्वस्ताई होणारच. किंमत सतत उतरत असते तेव्हा 'सर्वांत स्वस्त क्षण' नेहमी उद्याच असतो, आणि उद्या कधीच आज होत नाही. म्हणून केवळ किमतीकडे पाहून या प्रश्नाचे उत्तर निघत नाही. समीकरणात दुसरी बाजू लिहावी लागते: थांबण्याची किंमत. ही किंमत दुकानातल्या फलकावर लावलेली नसते, त्यामुळे ती शून्य आहे असा भास होतो.

ती मोजून पाहू. आरंभीच्या बहुतेक घरगुती संगणकांची कोठी म्हणजे साधा कॅसेट टेपरेकॉर्डर. सिंक्लेअर स्पेक्ट्रमवर अठ्ठेचाळीस किलोबाइटचा कार्यक्रम टेपवरून भरण्यास चार ते पाच मिनिटे लागत. दिवसातून तीनदा पाच मिनिटे, वर्षातले तीनशे दिवस धरले तर ४,५०० मिनिटे, म्हणजे पंचाहत्तर तास होतात. त्यात टेपचा आवाज कमीजास्त राहिल्याने शेवटच्या क्षणी फसलेला प्रयत्न धरलेला नाही. जो मुलगा रविवारी हौस म्हणून खेळ खेळतो त्याला हे पंचाहत्तर तास लागणारच नाहीत. जो छोटा व्यावसायिक रोज हिशेब ठेवतो त्याला ते लागतील आणि खुपतीलही. यंत्र एकच, किंमत एकच, तारीखही एकच. तरी एकाने थांबणे शहाणपणाचे आणि दुसऱ्याने थांबणे नुकसानीचे.

ॲपलच्याच इतिहासात याचे उत्तम उदाहरण आहे. कंपनीचे एक प्रमुख माइक मार्कुला यांनी चेकबुकाचा हिशेब ठेवणारा एक कार्यक्रम लिहिला होता. तो टेपवरून भरावयाचा, मग नोंदी भरावयाच्या, मग काम. हा खटाटोप त्यांना असह्य झाला आणि १९७७ च्या अखेरीस त्यांनी फ्लॉपी यंत्राची मागणी अग्रक्रमाने मांडली. स्टीव्ह वॉझनिॲक यांनी नाताळाच्या सुटीत त्याचा आराखडा केला आणि १९७८ च्या मध्यास 'डिस्क २' विक्रीस आले. आगाऊ नोंदणीची किंमत ४९५ डॉलर होती, पुढे ती ५९५ झाली. ज्याच्या हातचे काम अडले होते त्यानेच ही मागणी केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्यानंतर १९७९ साली डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा 'व्हिसिकॅल्क' हा कार्यक्रम आला. उभ्याआडव्या रकान्यांतला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलत. किंमत सुमारे शंभर डॉलर. मात्र त्याला बत्तीस किलोबाइट स्मृती आणि फ्लॉपी यंत्र आवश्यक होते. आता तीन ग्राहक कल्पनेने समोर उभे करा. पहिल्याने १९७७ सालीच पूर्ण अठ्ठेचाळीस किलोबाइट घेतले. त्याची बरीचशी स्मृती दोन वर्षे जवळजवळ रिकामी राहिली. दुसऱ्याने लहान यंत्र घेतले आणि १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क आल्यावर, यंत्राच्या आत मोकळ्या ठेवलेल्या खोबणींत नव्या चिप्स बसविल्या. तोवर त्या पुष्कळ उतरल्या होत्या. तिसरा १९८३ पर्यंत थांबला. त्याने सर्वांत कमी दराने स्मृती घेतली आणि चार वर्षांचे हिशेब हातानेच खोडरबर घेऊन केले. यांतला शहाणा कोण, हे मी वेगळे सांगावयास नको. खरेदीची वेळ दिनदर्शिका ठरवीत नाही, अडलेले काम ठरविते, हा या दशकाचा पहिला पाठ.

येथे एक आक्षेप रास्त आहे. सारेच लोक काम येईपर्यंत थांबले असते तर व्हिसिकॅल्कसारखे काम जन्मासच आले नसते. १९७८ मध्ये फ्लॉपी यंत्रे घेणारे पुरेसे लोक होते म्हणूनच १९७९ मध्ये फ्लॉपीवर अवलंबून असलेला कार्यक्रम विकता आला. हा आक्षेप मला मान्य आहे. ज्याला स्वतः काही निर्माण करावयाचे आहे, कार्यक्रम लिहावयाचे आहेत, इतरांना शिकवावयाचे आहे, त्याच्या बाबतीत यंत्र समजून घेणे हेच अडलेले काम असते. त्याने लवकर घ्यावे. तो पुढच्यांसाठी वाट पाडतो. इतरांनी त्याचे अनुकरण करण्याची घाई करू नये.

दुसरा पाठही डिस्क २ देते. आरंभी तिच्या एका फ्लॉपीवर सुमारे ११३ किलोबाइट मावत. १९८० साली डॉस ३.३ ही नवी प्रणाली आली आणि त्याच यंत्रावर, त्याच फ्लॉपीवर १४० किलोबाइट मावू लागले. ग्राहकाने बदलावयाच्या होत्या त्या नियंत्रक फलकावरच्या दोन छोट्या चिप्स. ज्याने दोन वर्षे आधी यंत्र घेतले होते त्याचे काहीच वाया गेले नाही. फ्लॉपीची एकच बाजू वापरली जाई, तेव्हा लोकांनी वेष्टनाच्या दुसऱ्या कडेला खाच पाडून तीच फ्लॉपी उलटी घालण्याची युक्तीही काढली. उत्पादक त्याविरुद्ध इशारे देत, लोक मात्र पंच घेऊन बसत. तेव्हा जी वस्तू पुढे वाढू शकते, जिच्यात मोकळ्या खोबणी आहेत, ती लवकर घेण्यात धोका कमी असतो. जिचे दार बंद आहे ती घेताना मात्र दहादा विचार करावा.

आता इंग्लंडकडे वळू, कारण तेथे किंमत सामान्य घराला परवडणारी होती आणि म्हणून निवडीचा ताणही सामान्य घरावर होता. १९८१ चा सिंक्लेअर झेडएक्स ८१ तयार स्वरूपात ६९.९५ पौंडांना मिळे. त्यात स्मृती अवघी एक किलोबाइट. पडद्यावर मजकूर भरला की तिचाच मोठा भाग खर्ची पडे. सोळा किलोबाइटची वाढीव पेटी आरंभी ४९.९५ पौंडांना होती, आणि ती पाठीमागे इतकी सैल बसे की टेबलाला धक्का लागला तरी तासाभराचे टंकन नाहीसे होई. तरीही त्या एक किलोबाइटमध्ये डेव्हिड हॉर्न यांनी १९८२ साली बुद्धिबळाचा कार्यक्रम बसविला, तोही ६७२ बाइटांत. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीत काटकसरीचा उपदेश आहे हे खरे, पण त्यात शिक्षणही आहे. ज्याने अंथरुणाचा कोपरा न् कोपरा वापरून पाहिला आहे त्यालाच आणखी किती हवे हे नेमके सांगता येते.

एप्रिल १९८२ मध्ये स्पेक्ट्रम आला. सोळा किलोबाइटचा १२५ पौंडांना, अठ्ठेचाळीसचा १७५ ला. दोहोंतील अंतर पन्नास पौंड. पुढच्याच वर्षी किमती उतरून अनुक्रमे ९९.९५ आणि १२९.९५ झाल्या, अंतर तीस पौंडांवर आले. लहान यंत्र आधी घेऊन स्मृती नंतर वाढविणाऱ्याची सोय होती, कारण तशी वाढ करून घेता येत असे. परंतु लवकरच बाजारातले बहुतेक चांगले कार्यक्रम अठ्ठेचाळीस किलोबाइट गृहीत धरून लिहिले जाऊ लागले. तेव्हा सोळावाल्याला निवड उरली नाही.

याच स्पेक्ट्रमबरोबर सिंक्लेअर यांनी 'मायक्रोड्राइव्ह' नावाच्या साधनाचे आश्वासन दिले: किंमत पन्नास पौंडांच्या आसपास, क्षमता शंभर किलोबाइट. फ्लॉपी यंत्रे तेव्हा याच्या कितीतरी पट महाग होती, म्हणून अनेकांनी तिकडे न वळता वाट पाहिली. 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' अशातला हा प्रकार. साधन हाती येण्यास १९८३ चा उत्तरार्ध उजाडला. हमी पंच्याऐंशी किलोबाइटची होती, वेगळा जोडफलक घ्यावा लागे, आणि टेपच्या वेटोळ्याचे एकेक इवलेसे काडतूस आरंभी ४.९५ पौंडांना होते. वेग उत्तम होता. टेपवर मिनिटे लागत तेथे काही सेकंदांत काम होई. पण ती बारीक टेप ताणली जाई. त्याहून मोठी अडचण अशी की प्रकाशक आपले कार्यक्रम कॅसेटवरच विकत राहिले. शेजारी, मित्र, दुकानदार सारे कॅसेटवर असताना मायक्रोड्राइव्हवाला एकटा पडला. १९८६ साली सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ॲमस्ट्रॅडने विकत घेतला, आणि १९८७ मध्ये आलेल्या स्पेक्ट्रम प्लस ३ मध्ये फ्लॉपी बसविलेली होती, तीही तीन इंची. यावरून तिसरा पाठ मिळतो: आश्वासनाचा हिशेब वस्तूत धरू नये, आणि साठवण घेताना आपल्याभोवतीची माणसे काय वापरतात ते आधी पाहावे. साठवण ही देवघेवीची वस्तू आहे. ज्या पेटीतली पुस्तके दुसऱ्या गावात उघडत नाहीत, ती पेटी कितीही सुबक असली तरी तिचा उपयोग निम्मा.

अमेरिकेत नेमके उलटे झाले. कमोडोर ६४ हा १९८२ साली ५९५ डॉलरना आला आणि १९८३ मध्ये तो सुमारे दोनशे डॉलरपर्यंत उतरला. त्याचे १५४१ हे फ्लॉपी यंत्र मात्र आरंभी चारशे डॉलरच्या घरात होते. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' असे कोणीही म्हणाले असते. तरीही तेथे कार्यक्रम फ्लॉपीवर येऊ लागले म्हणून लोकांनी मसाला घेतला. १७० किलोबाइट क्षमतेचे ते यंत्र अत्यंत मंद होते. सेकंदाला सुमारे चारशे बाइट, म्हणजे बत्तीस किलोबाइट भरण्यास सव्वा मिनिटाहून अधिक. हा दोष यांत्रिक भागाचा नव्हता. आधीच्या व्हिक २० संगणकातल्या एका चिपमधील उणिवेमुळे माहिती पाठविण्याची मंद रीत स्वीकारावी लागली, आणि जुन्या साधनांशी मेळ राखण्यासाठी ती नव्यातही राहिली. पण १५४१ च्या पोटात स्वतःचा प्रक्रियक आणि दोन किलोबाइट स्मृती होती. प्रोग्रामरांनी तिचाच उपयोग करून देवघेवीची रीत बदलली. १९८४ साली एपिक्स कंपनीचे 'फास्ट लोड' काडतूस आले आणि तेच यंत्र जवळजवळ पाचपट वेगाने चालू लागले. नवे यंत्र घेण्याचे ज्यांनी लांबविले त्यांना थोडक्या खर्चात जणू नवे यंत्र मिळाले. चौथा पाठ हा: नवी साठवण घेण्यापूर्वी, असलेली साठवण खरोखर संपली आहे, की केवळ नीट वापरली जात नाही, हे तपासावे.

आता एका समजुतीला हात घालतो. किमती नेहमी उतरतातच ही ती समजूत. दीर्घ पल्ल्यात ते खरे ठरले आहे, पण आपण खरेदी करतो ती एखाद्या विशिष्ट महिन्यात. १९८६ मध्ये अमेरिका आणि जपान यांच्यात चिप्सच्या व्यापाराविषयी करार झाला. त्यानंतर १९८८ मध्ये मेमरी चिप्सचा जगभर तुटवडा पडला आणि किमती चढल्या. करार हे त्यामागच्या कारणांपैकी एक. जुलै १९९३ मध्ये जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिप्सच्या वेष्टनास लागणारी राळ तेथे बने, आणि पाहता पाहता मेमरीचे भाव भडकले. २०११ साली थायलंडमधील पुरामुळे हार्ड डिस्क महागल्या. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहितीकेंद्रांची मागणी वाढली आणि मेमरी पुन्हा महाग झाली. ज्याचे काम अडले आहे आणि जो केवळ स्वस्ताईच्या आशेने थांबला आहे, त्याला अशा वेळी दोन्हीकडून तोटा होतो.

आपल्याकडचा संबंधही सांगितला पाहिजे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेखाली देशातील सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले; अनेक विद्यार्थ्यांनी संगणक प्रथम पाहिला तो तेथे. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पुण्यातील एका कंपनीने स्पेक्ट्रम प्लस परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने भारतात विकला. ज्या घरात तो आला तेथे टेपरेकॉर्डर बहुधा आधीपासूनच होता. नाट्यगीतांची आणि भावगीतांची कॅसेट काढून त्याच यंत्रात संगणकाची कॅसेट घालावयाची. विलायतेत जो कॅसेट मागासलेपणाची खूण मानली जाऊ लागली होती, तीच येथे प्रवेशाची पायरी ठरली. जे घरात आहे त्यावर आरंभ होत असेल तर आरंभ लांबवू नये, हे आपल्या मध्यमवर्गाने कोणाच्या उपदेशाविना ओळखले.

या साऱ्याचे सार असे. खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारावेत. कोणते काम आज अडले आहे, आणि त्यापायी महिन्याला किती तास जातात? असलेली साठवण पुरती वापरली आहे काय? घ्यावयाची वस्तू उद्या वाढविता येईल काय, आणि ती शेजाऱ्याच्या यंत्रात चालेल काय? आणि शेवटचा: ती आज दुकानात आहे, की केवळ जाहिरातीत? या प्रश्नांची उत्तरे अनुकूल असतील तर उद्याच्या किमतीचा विचार सोडून द्यावा. वस्तू घेतल्यावर तर दुकानाच्या फलकाकडे पाहूच नये. उत्तरे प्रतिकूल असतील तर वस्तू निम्म्या किमतीत मिळत असली तरी ती महाग आहे.

माजी विद्यार्थ्यांना उद्देशून एकच सांगतो. शाळेच्या संगणककक्षासाठी निधी जमविण्याचे आपल्या मनात आहे असे मला समजले. 'आणखी दोन वर्षे थांबलो तर याच पैशांत दुप्पट येईल' असे समितीत कोणीतरी म्हणेल, आणि आकडेमोडीने ते खरेही असू शकेल. त्या वेळी एवढे ध्यानात ठेवावे की आज आठवीत असलेली मुलगी दोन वर्षांनी दहावी होऊन येथून गेलेली असेल. यंत्राची किंमत उतरते, पुन्हा चढते, पुन्हा उतरते. तिचे आठवीचे वर्ष मात्र एकदाच येते. उलट, जी यंत्रे आहेत ती दिवसातले चार तास कुलपात असतील, तर निधीआधी किल्लीची व्यवस्था करावी. आधी वेळापत्रक पाहावे, मग दरपत्रक मागवावे.

गुरुजींच्या 'आता या माणसाने काय करावे?' या प्रश्नाला गणित साह्य करते. उत्तर मात्र त्या माणसाला आपल्या कामाकडे पाहूनच द्यावे लागते.